मेलेली माणसं पुन्हा कामावर

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पुढची ओळ वाचायच्या आधी कुठेतरी टेकून घे. टेकलीस? माझा सिनेमा येतोय! तुमच्याच थिएटरात, या अठरा तारखेपासून, रोज दोन खेळ. नाव आहे ‘सूड सूड सूड’. तीनदा का, असं विचारू नकोस. निर्मात्याला वाटलं की दोनदा कमी पडेल.

दोन टोळ्यांचं वैर आहे. एक गोदीवरची, एक बाजारातली. माझं काम केवढं, ते आता सांगत नाही, पडद्यावरच बघ. एवढंच सांगतो की माझ्याशिवाय त्या सिनेमात गोदीची टोळी उभी राहिली नसती, आणि बाजाराचीही नाही. पहिल्या मारामारीपासून मी आहे.

आता खरं काम ऐक. बाबांना घेऊन जा. तीन वर्षांपूर्वी कारखान्यातली नोकरी सोडून निघालो तेव्हा दारात उभं राहून ते काय म्हणाले, तुला आठवतंय ना? “काहीतरी करून दाखव, मगच या घरात पाऊल टाक.” तेव्हापासून त्यांचं एक अक्षर नाही की माझं त्यांना नाही. आता करून दाखवतोय, तेही एवढ्या मोठ्या पडद्यावर. त्यांना आवडलं तर मी घरी येईन गं. फार कंटाळलोय इथल्या खोलीला. लगेच मात्र जमणार नाही, कामं फार आहेत.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
खंड्या

---

१२ फेब्रुवारी

चि. खंड्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

अरे लबाडा! एवढी मोठी बातमी आणि पोस्टाने? तुझं पत्र मी लॉन्ड्रीच्या काउंटरवरच फोडलं आणि अशी किंचाळले की इस्त्रीवाल्याने एका वकिलाचा सदरा जाळला. मालकीणबाई रागावल्या, पण कारण कळल्यावर म्हणाल्या, “मग रविवारी आपण सगळेच जाऊ.” आता अकरा जण झालोत. मालकीणबाई, इस्त्रीवाला, समोरचा चष्मेवाला आणि त्याची बायको, तिची आई, आणि कोण कोण. मी सगळ्यांना सांगितलंय की माझा भाऊ टोळीचा मुख्य आहे. कोणत्या टोळीचा, ते तू लिहिलंच नाहीस, म्हणून दोन्हींचा सांगितलं.

बाबांना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, “बघू.” तुला माहितीये, बाबांचं “बघू” म्हणजे इतरांच्या तीन टाळ्या. दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेले ते दीड तासाने आले. मागाहून चष्मेवाल्याकडून कळलं की थिएटरसमोर भिंतीला नाक लावून पोस्टरवरची नावं वाचत होते. बारीक अक्षरांतलीसुद्धा. तुझं नाव सापडलं नाही म्हणाले. मी म्हटलं, पोस्टर जुनं असेल.

यांनी त्या दिवशीची ड्युटी बदलून घेतलीय. आता तू फक्त चांगला दिस, म्हणजे झालं.

तुझी,
ताई

---

१७ फेब्रुवारी

ताई, घाईत लिहितोय.

अकरा जण कशाला? अगं, पहिल्या आठवड्यात गर्दी असते, पुढच्या आठवड्यात जा. किंवा आधी तू एकटी बघून ये. बाबांना तर नेऊच नकोस. आवाज फार आहे, त्यांच्या कानाला त्रास होईल. आणि मेकअप इतका की मीच मला ओळखलं नाही. खरंच सांगतो.

पत्र मिळताच थांब.

खंड्या

---

२१ फेब्रुवारी

खंड्या,

तुझं “थांब” आज सोमवारी दुपारी मिळालं. आम्ही काल जाऊन आलो.

आशीर्वाद वगैरे शेवटी, उरले तर.

बाबा रे, असला सिनेमा मी जन्मात पाहिला नाही! पावणेतीन तास दोन टोळ्या एकमेकींना मारतात आणि कोण कोणाचं, ते देवालाही कळू नये. सगळ्यांच्या अंगावर काळे कोट. बाजारवाल्यांच्या गळ्यात म्हणे लाल रुमाल, पण पहिल्याच मारामारीत अर्धे रुमाल गळून पडले आणि मग आनंदी आनंद. एकाला पाठीत गोळी लागते, कोटाला भोक पडतं, आणि पुढच्या मारामारीत तोच कोट कडक इस्त्री करून दुसऱ्याच्या अंगावर! चोवीस वर्षं लोकांचे कपडे हाताळतेय मी, मला फसवतात? आणि ते रक्त? असले डाग गार पाण्यात एकदा बुचकळले तरी जातात. मालकीणबाई तर मोठ्याने म्हणाल्या, “हे आपल्याकडे आले तर धुलाई साधी लावायची.”

ते दोन म्होरके. एक म्हणतो, “तुझा खेळ संपला.” दुसरा म्हणतो, “खेळ तर आत्ता सुरू झालाय.” अरे, आधी दोघांनी बसून ठरवा ना! वैर कशावरून, तर एका बॅगेवरून. ती बॅग शेवटपर्यंत कोणी उघडलीच नाही. बहुतेक विसरले. यांना तर त्या गोळीबारात इतकी गाढ झोप लागली की मध्यंतरात उठवावं लागलं.

अख्ख्या सिनेमात बघण्यासारखी एकच गोष्ट. तो नायक गोदामाच्या छपरावरून पळत येतो आणि पलीकडच्या ट्रकवर उडी टाकतो ना, तिथे मात्र माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याच्याकडून शीक काहीतरी.

आणि तू? तू कुठे होतास? दहा जणं दर पाच मिनिटांनी माझ्याकडे वळून “हा का? हा का?” म्हणत होती आणि मी “थांबा, येईल” म्हणत होते. शेवटची पाटी आली, दिवे लागले, तू आला नाहीस. चष्मेवाल्याची बायको बाहेर आल्यावर म्हणाली, “कापला असेल हो.” तिचं ते समजुतीने बोलणं माझ्या फार जिव्हारी लागलं. खोटं बोललास का रे माझ्याशी?

बाबा बाहेर आल्यावर पुन्हा पोस्टरपाशी जाऊन उभे राहिले. मी विचारलं, कसा वाटला, तर म्हणाले, “उद्या सांगतो.” आणि आज दुपारी खिशात छोटी वही आणि पेन्सिल घालून पुन्हा थिएटरात गेलेत. एकटे! चौतीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर हजेरी घेतलेला माणूस वही घेऊन निघाला की काय होतं, ते तुला सांगायला नको. एकाने येऊन दोघांची हजेरी लावायची, ही कामगारांची जुनी खोड, आणि बाबा त्यांना पाठीवरून, चालीवरून पकडायचे. तुझं काही खरं नाही.

ताई

---

२६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. शिव्या पोचल्या, आणि त्या माझ्याच आहेत.

मी सिनेमात आहे. म्होरक्या नाही, त्याचा उजवा हात नाही, डावाही नाही. मी मरतो. तेच माझं काम. मारामारीच्या मास्तरांकडे आम्ही बावीस जण आहोत आणि टोळ्या दोन. म्हणून सकाळी गोदीच्या टोळीतून मरायचं, जेवायचं, मिशी चिकटवायची, गळ्यात रुमाल बांधायचा आणि दुपारी बाजाराच्या टोळीतून मरायचं. कोट तेच, कारण दुसरे नव्हतेच. तू बरोबर पकडलंस.

मी सात वेळा मेलोय. पहिल्याच मारामारीत क्रेनखाली पालथा आहे तो मी. मासळीच्या टोपल्यांत पडतो तो मी. गॅरेजमध्ये पिंपावरून उलटा होतो, जिन्यावरून गडगडतो, आरशातून आरपार जातो. म्होरक्याच्या मोटारीखाली येतो तोही मी, आणि सातवा गोदामाच्या दारात, तिथे फक्त पाय दिसतात. तुला लिहिलं त्यात शब्दशः खोटं काही नव्हतं गं. दोन्ही टोळ्या माझ्याशिवाय खरंच उभ्या राहिल्या नसत्या. पण तुला काय वाटेल ते मला ठाऊक होतं, आणि तसं वाटावं म्हणूनच लिहिलं. तुला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलं त्याची फार लाज वाटतेय.

नायकाच्या उडीबद्दल लिहिलंस. हो, उडी चांगली आहे.

आता एकच कर. बाबांना यातलं काही सांगू नकोस. त्यांना म्हण, त्याचा भाग कापला. चष्मेवाल्याच्या बायकोचंच चालव. आपला मुलगा जगात जाऊन काय करून आला, तर मासळीच्या टोपल्यांत पडून आला, हे त्यांना कळलं तर ते दार मला कायमचं बंद झालं म्हणून समज. मग मी इकडेच राहीन. तशी सवय झालीय.

तुझा,
खंड्या

---

३ मार्च

चि. खंड्यास अनेक आशीर्वाद. (मागच्या पत्रातलेही यात धर.)

आधी डोळे पूस. माझा राग गेला. मोटारीखाली जाणारा तू होतास हे वाचून तो कधी गेला ते कळलंच नाही.

बाबांना मी एक शब्द सांगितलेला नाही. पण इथे जे चाललंय ते ऐक, आणि हसू नकोस. हसलास तरी चालेल.

बाबा जवळजवळ रोज दुपारच्या खेळाला जातात. वही मांडीवर असते. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही, आणि त्यांचा तो फाटकावरचा आवाज तुला माहितीच आहे. पडद्यावर एक जण पडला की बाबा म्हणतात, “हा मघाशी क्रेनपाशी मेला होता. मिशी लावून पुन्हा कामावर आलाय.” थोड्या वेळाने, “हा लंगडा बघा, दोन्ही टोळ्यांत हजेरी लावतोय.” आधी कोणीतरी “श्शू” केलं. मग त्यांनाही तो लंगडा दिसला, आणि सगळं थिएटर हसायला लागलं. आता लोक बाबांच्या मागच्या रांगेची तिकिटं मागतात. मेलेला माणूस परत आला की पोरंटोरं ओरडतात, “काका, आला, आला!” मॅनेजर हा सिनेमा शुक्रवारी उतरवणार होता. त्याने दुसरा आठवडा लावला आणि बाबांना खुर्चीवर उशी दिली. मालकीणबाई पुन्हा दोनदा जाऊन आल्या. म्हणतात, आता कुठे गोष्ट कळायला लागली.

काल मी मुद्दाम बाबांबरोबर गेले. तुझी यादी पाठ करून. क्रेनखाली तू आलास, मी श्वास धरला. बाबा गप्प. टोपल्या, गप्प. पिंप, जिना, आरसा, सातही वेळा चकार शब्द नाही. बाकी एकवीस जणांना नावं ठेवली, एकालाही सोडलं नाही आणि तुझ्या वेळी तोंड घट्ट मिटलेलं. ओळखलं नाही म्हणावं तर बाबा ओळखणार नाहीत असं होत नाही, आणि ओळखलं असेल तर ही गप्प बसायची तऱ्हा चांगली नाही. कारखान्यातही ज्याला काढून टाकायचं त्याला ते ओरडायचे नाहीत.

घरी आल्यावर धीर करून विचारलं, “बाबा, खंड्या दिसला का हो?” तर म्हणाले, “पाकीट आहे का घरात? त्याचा पत्ता लिहून दे.” मी विचारलं, काय लिहिणार? म्हणाले, “ते त्याच्यात आणि माझ्यात.”

मी पत्ता लिहून दिला. चुकला असता तर बरं, असंही मनात आलं. तुला आधी कळावं म्हणून हे आजच टाकतेय. काहीही लिहिलेलं असलं तरी मनाला लावून घेऊ नकोस. मी आहे.

ताई

---

४ मार्च

चि. खंड्या यास आशीर्वाद.

‘सूड सूड सूड’ हा सिनेमा आजपर्यंत नऊ वेळा पाहिला. सिनेमा वाईट आहे. त्यावर वेळ घालवत नाही.

दोन्ही टोळ्या मिळून बावीस माणसं कामावर असून एकेचाळीस मेली आहेत. पैकी तू सात. गोदीतून तीन, बाजारातून चार. पिंपावरून उलटा पडलास ते काम नीट झालं आहे. बाकीचे मरताना कॅमेऱ्याकडे बघून घेतात, तू बघत नाहीस. थिएटरात मी बाकीच्यांची नावं काढतो, तुझं काढलं नाही. घरचं माणूस आहे, चारचौघांत कशाला.

आठवी वेळ वेगळी आहे. गोदामाच्या छपरावर नायक पळतो. तो नायक नव्हे. नायक टाचा आपटत चालतो, चालतो काय, मिरवतो. छपरावरचा माणूस उजवा पाय किंचित बाहेर टाकून पळतो. शाळेची घंटा झाल्यावर तू आपल्या गल्लीतून तसा पळायचास, मी खिडकीतून बघायचो. सगळं थिएटर त्या उडीला टाळ्या वाजवतं आणि नाव दुसऱ्याचं घेतं. ताईसुद्धा. तू तिलाही सांगितलेलं दिसत नाही. का, ते तुझं तू जाण.

आता ज्यासाठी लिहितो आहे ते. ती उडी झाल्यावर सिनेमा आणखी पस्तीस मिनिटं चालतो. त्यात दोन मोठ्या मारामाऱ्या आहेत. एकवीस माणसं हजर आहेत. तू नाहीस. मागचे चार खेळ मी फक्त तेवढ्यासाठी पाहिले. पोत्यांमागे पाहिलं, मोटारींत पाहिलं, मेलेल्यांच्या ढिगात पाहिलं. कुठेच नाहीस.

चौतीस वर्षं फाटकावर बसून मला एक गोष्ट कळली आहे. रोज येणारा माणूस न सांगता यायचा बंद झाला, तर तो कामचुकार नसतो.

कुठे लागलं ते कळव.

बाबा

ता. क. ताईला यातलं बोललेलो नाही. ती रडते आणि मग दोन दिवस भाजीत मीठ विसरते.

---

९ मार्च

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

डावी मांडी. हाड मोडलं.

खाली ट्रकमध्ये गाद्या घातल्या होत्या. त्या चित्रात दिसतात म्हणून कोणीतरी दोन हात मागे सरकवल्या आणि वर छपरावर मला सांगायचं राहून गेलं. पाच महिने झाले. हाड नीट बसलं नाही म्हणून पुन्हा मोडून बसवलं. आता प्लॅस्टर निघालंय, कुबडी घेऊन खोलीतल्या खोलीत चालतो. मास्तर आणि मंडळी आळीपाळीने जेवण आणून देतात.

खरं तर सिनेमा असा क्रमाने कधी काढत नाहीत, शेवट आधी आणि सुरुवात नंतर असंही चालतं. पण आमच्या लेखकाला पुढची गोष्ट रोज सकाळी सुचायची, त्यामुळे हा सिनेमा पहिल्यापासून शेवटापर्यंत ओळीने निघाला. म्हणून तुम्हाला माझी गैरहजेरी सापडली. दुसऱ्या कुठल्या सिनेमात सापडली नसती.

उडीचं बोलायचं नाही असं मला बजावलेलं आहे. नायक सगळ्या उड्या स्वतः मारतो असं त्याने वर्तमानपत्रात सांगितलंय. ताईने “त्याच्याकडून शीक” म्हणून लिहिलं तेव्हा पत्र तोंडावर धरून इतका हसलो की पाय दुखायला लागला, आणि मग नुसताच पडून राहिलो.

तुम्हाला माझी लाज वाटेल असं वाटलं होतं. तुम्ही मला शोधाल असं वाटलं नव्हतं, बाबा.

तुम्ही इकडे येऊ नका. तिसरा मजला आहे, जिना अरुंद आहे. मला तुमच्यासमोर असं कुबडीवर उभं राहायचं नव्हतं. धडधाकट झालो की येईन.

आपला,
खंड्या

---

१८ मार्च

प्रिय ताई,

माझ्या तारेला तुझी उलट तार मिळाली. “जरा थिएटरात जाऊन येतो” असं सांगून माणूस घरून निघाला आणि रात्रीच्या जेवणाला आला नाही म्हटल्यावर तुझं काय झालं असेल, याची कल्पना आहे. भाऊजींना पोलीस चौकीत जावं लागलं त्याबद्दल त्यांची माफी मागतो. बाबांच्या वतीने मीच मागतोय, ते मागणार नाहीत.

मंगळवारी दुपारी दार वाजलं. उघडलं तर बाबा. घामाघूम, हातात पिशवी. तीन वर्षांत किती बारीक झालेत गं, तू लिहिलं नाहीस कधी. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, कुबडीकडे पाहिलं (ती छपरावरची उडी माझी होती गं, तिच्यातच मांडी मोडली, तुला लपवलं), आणि पहिलं वाक्य काय? “माठाला झाकण का नाही?” मग पिशवीतून टॉवेल काढला आणि तोंड धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते, आणि साबण गेला म्हणाले.

संध्याकाळी मास्तर आणि चौघं जण आले. बाबांनी एकेकाकडे बघून घेतलं. “तुम्ही बाजारात तीनदा मेलात. हे आरशापाशी. आणि तुम्ही लंगडे, दोन्हीकडे. बसा.” मास्तरांनी खाली वाकून पायच धरले. म्हणाले, वीस वर्षं या धंद्यात आहे, आमच्या माणसांना ओळखणारा पहिला प्रेक्षक तुम्ही. मग बाबांनी खरंच वही काढली आणि बावीस जणांची नावं लिहून घेतली. पोस्टरवर नाहीत म्हणाले, कुठेतरी असावीत. आता तुझ्या मालकीणबाईंना सांग, उडी कोणाची होती ते. नायक रागावला तर रागावू दे.

पुढच्या रविवारी, सत्तावीसला दुपारी आम्ही दोघं घरी पोचू. बाबांनी मला विचारलं नाही, तिकिटंच काढून आणली. जिना उतरायची मला भीती वाटते म्हटलं, तर म्हणाले, “मी पुढे राहतो, माझ्या खांद्यावर हात टाक.” दोनदा उतरून पाहिलंसुद्धा.

काल दुपारी ते माझ्या पायाला तेल लावत बसले होते. मी गंमत म्हणून विचारलं, “नऊ वेळा पाहिलीत ना उडी, कशी वाटली? ताईच्या अंगावर काटा आला म्हणे.” त्यांनी वाटीतलं आणखी तेल हातावर घेतलं. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग तेल लावता लावता म्हणाले, “उडी मी पाहिलेली नाही.”

मी म्हटलं, असं कसं?

“तू पळत छपराच्या कडेपर्यंत येतोस, तिथवर बघतो. पुढे डोळे मिटून घेतो. टाळ्या ऐकू आल्या की उघडतो.”

“नऊही वेळा?”

“नऊही वेळा.”

मी म्हटलं, “अहो बाबा, खाली गाद्या असतात.”

ते म्हणाले, “पडद्यावर दिसत नाहीत त्या.”

तुझा,
खंड्या